कोनवाशाची लांबी

चौपाखी छपरात एक लाकूड असं असतं की त्याची खरी लांबी ना वरून काढलेल्या नकाशात दिसते, ना समोरून काढलेल्या दर्शनी चित्रात. ते लाकूड म्हणजे कोनवासा. भिंतींच्या कोपऱ्यातून निघून तो तिरका वर चढतो आणि आढ्याच्या टोकाला भिडतो. दोन्ही बाजूंच्या पाख्यांचे आखूड वासे त्याच्यावरच येऊन टेकतात, म्हणून तो चुकला तर सगळं छप्पर चुकतं. रत्नागिरीत माझं काम आराखडे काढण्याचं. जुन्या कौलारू घरांची दुरुस्ती आणि नव्या बंगल्यांची उतरती छपरं हा त्यातला मोठा भाग. कोनवाशाचं माप लिहिताना अजूनही माझा हात माउसवर जरा थबकतो, आणि तो थबकावा असंच मला वाटतं.

घर 9 मीटर रुंद धरा. आढं मधोमध, म्हणजे भिंतीपासून आडवं 4500 मिलिमीटर. उतार दोनास एक, म्हणून आढं भिंतीच्या माथ्यापासून 2250 वर. वळचणीला बाहेर येणारा भाग तूर्त सोडून देऊ. साध्या वाशाची लांबी 5031 येते. कोनवासा मात्र आडव्यात दोन्ही दिशांना 4500 सरकतो आणि शिवाय 2250 चढतो. वरून पाहिलं तर तो 6364 दिसतो. समोरून पाहिलं तर 5031, म्हणजे साध्या वाशाएवढाच. प्रत्यक्षात तो 6750 आहे. नकाशातल्या मापाने लाकूड कापलं तर पावणेचारशे मिलिमीटरहून जास्त तोकडं पडेल. कोनाचंही तेच. दर्शनी चित्रात कोनवासा साडेसव्वीस अंशांनी चढताना दिसतो, नकाशात 45 अंशांनी पळताना दिसतो, आणि खरा चढ साडेएकोणीसच्या आसपास. एकाच लाकडाचे तीन कोन, आणि सुताराला हवा असलेला तेवढा कागदावर नाही.

ऑटोकॅडमध्ये माप टाकायच्या दोन कमांड सगळ्यांच्या हातात बसलेल्या असतात. लिनिअर आडवं किंवा उभं माप देते, अलाइन्ड दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेतलं. नवीन मुलांना वाटतं, तिरकं माप हवं ना, मग अलाइन्ड घ्या की झालं. साध्या वाशाच्या बाबतीत हे चालून जातं, कारण घराचा आडवा छेद काढला की आपण त्या वाशाकडे अगदी काटकोनातून पाहत असतो. तिथे 5031 हे खरं माप असतं. नकाशातल्या कोनवाशाच्या दोन टोकांवर क्लिक केलं की तीच कमांड तितक्याच ठामपणे 6364 लिहिते. मॉडेल त्रिमितीत केलं म्हणूनही सुटका होत नाही. माप बसतं ते चालू यूसीएसच्या, म्हणजे आपण लावलेल्या अक्षांच्या, प्रतलावर, आणि ते प्रतल जमिनीला समांतर असेल तर चढलेली उंची मापातून मुकाट गळते. यूसीएस कोनवाशाच्या उभ्या प्रतलात फिरवून घ्यावा लागतो, तेव्हा 6750 समोर येतं. डिस्ट कमांड मात्र या बाबतीत प्रामाणिक आहे. दोन बिंदू दिले की ती खरं अंतर सांगते आणि त्याचे एक्स, वाय, झेड हे तिन्ही भाग वेगळे काढून दाखवते. छपराचं कुठलंही माप कागदावर जाण्याआधी मी ते डिस्टने तपासते.

यात नवं काहीच नाही. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रतलांना तिरकी असलेली रेषा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच छळते. एन. डी. भट्ट यांच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पुस्तकातली ती प्रकरणं सोडवताना, आधी रेषा एका प्रतलाला समांतर फिरवायची, खरी लांबी काढायची आणि मग ती परत जागेवर न्यायची, हे आपण घोकून घोकून करतो. प्रतलांवरच्या चित्रांतून खरी मापं काढण्याच्या या शास्त्राची घडी बसवली ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने, अठराव्या शतकात, मेझिएरच्या लष्करी शाळेत. किल्ल्याच्या तटबंदीची आखणी हे त्याचं निमित्त. फ्रेंच लष्कराला ही पद्धत इतकी मोलाची वाटली की ती बरीच वर्षं गुपित ठेवली गेली. परीक्षेत मार्कांपुरती सोडवलेली ती रेषा पुढे कोपऱ्यातला कोनवासा होऊन समोर येते, हे शिकवताना कुणीतरी सांगायला हवं. एखाद्या कौलारू घराच्या माळ्यावर वर्ग नेला तर अर्ध्या तासात समजेल.

खरी लांबी कळली तरी ती लिहायची कशी, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते उताराचं माप लिहिण्यातली सगळ्यात मोठी फसगत अंशांनी होते. दोनास एक उताराचा कोन 26.565 अंश. मापाच्या सेटिंगमध्ये कोनाला दशांश ठेवले नसतील तर कागदावर 27 उमटतं. तो आकडा खरा मानून 4500 वर आढं उभं केलं तर उंची 2250 ऐवजी 2293 येते. त्रेचाळीस मिलिमीटर! एका पाख्याला 27 धरलं आणि दुसऱ्याला उंचीवरून बांधलं, तर आढ्यावर दोन्ही पाखे एकमेकांना भेटणारच नाहीत.

अंश फसवतात हे रेल्वेवाल्यांनी फार पूर्वी ओळखलं. 1998 मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचा चढ दीडशेस एकच्या आत राखलेला आहे. एवढे डोंगर आणि एवढ्या नद्या ओलांडताना तो राखायचा म्हणून तर रत्नागिरीच्या उत्तरेला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि दक्षिणेला पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल. दीडशेस एक म्हणजे 0.38 अंश. दशांश काढून टाकले की कागदावर शून्य, आणि गाडी सपाटीवर! भोर घाटातला सदतिसास एक चढ घ्या. तो दीड अंशाहून जरासा जास्त, म्हणून पूर्णांकात 2 होतो, आणि 2 अंश म्हणजे साडेअठ्ठाविसास एक. जिथे मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, तिथे हा फरक गणितापुरता राहत नाही. रुळांच्या कडेला चढाच्या पाट्या असतात त्यांवर गुणोत्तर लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

अंशांबद्दल साइटवरचा निवाडा तर एका वाक्यात होतो. एका मेस्त्रींनी कागद परत माझ्याकडे सरकवत म्हटलं होतं, "ताई, अंश राहू दे. आढं भिंतीवरनं किती वर, तेवढं सांगा." त्यांच्याकडे लेव्हलची पाण्याची नळी होती, ओळंबा होता, गुण्या होता, टेप होती. नळीने आडवं मिळतं, ओळंब्याने उभं मिळतं. या दोन दिशा पृथ्वी फुकट देते आणि त्या कधी चुकत नाहीत. तिसरी, तिरकी दिशा या दोन्हींतून आपोआप तयार होते. तेव्हा उताराचं माप म्हणजे आधी एक आडवं आणि एक उभं माप. तिरकी लांबी लाकूड मागवायला लागते, ती मी कंसात देते, कारण कंसातलं माप केवळ माहितीसाठी असतं असा ड्रॉइंगचा संकेत आहे. चारही गोष्टी, म्हणजे आडवं, उभं, तिरकं आणि कोन, सारख्याच ठसठशीतपणे लिहिल्या तर त्या आपसांत भांडतात, आणि कुणाचं ऐकायचं हे शेवटी घाईत असलेला माणूस ठरवतो.

याला अपवाद आहेत, आणि खरं कसब तिथेच लागतं. हल्ली आमच्याकडे उतरता स्लॅब टाकून वर कौलं बसवतात. स्लॅबची जाडी 125 लिहिलेली असते, ती उताराला काटकोनात. ड्रॉइंगमध्ये स्लॅबची खालची रेषा काढून ती कॉपी कमांडने 125 वर उचलली, तर दोन्ही रेषा दिसायला समांतर आणि उभ्यात मोजलं तर 125 बरोबर. पण खरी जाडी 112 च भरते. ऑफसेट कमांड मात्र काटकोनातलं अंतर धरते. ती वापरली की जाडी 125 राहते आणि उभ्यात मोजल्यास 140 भरते. दोन चित्रं शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण शटरिंग त्या ड्रॉइंगवरून बांधलं जाणार असतं आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर त्याच तेरा मिलिमीटरांतून जातं. म्हणून जाडीचा बाण मी नेहमी उताराला काटकोनात काढते. उभ्या बाणाने दाखवलेली जाडी छपराच्या ड्रॉइंगवर मला बघवत नाही.

दुसरा अपवाद रिपांचा. वाशांवर आडव्या ठोकलेल्या या पट्ट्यांच्या आधाराने मंगलोरी कौल अडकतं. 1865 मध्ये बासल मिशनने मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना काढला. ही कौलं कोकणात आली आणि नळीच्या कौलांची जागा हळूहळू त्यांनी घेतली. कौल हाताने लावतात ते उतारावर, म्हणून दोन रिपांमधलं अंतरही उतारावरच मोजायचं. 410 लांबीच्या कौलाला 320 वर रीप दिली तर कौल खालच्या कौलावर 90 चढतं. हेच 320 कुणी नकाशात आडवं मोजून दाखवलं, तर उतारावर ते 358 होतं आणि चढाव 52 वर येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही आषाढात वाऱ्याबरोबर आडवा येणारा; तो ते अडतीस मिलिमीटर बरोबर शोधून काढतो. पाणी कौलाखाली चढतं, रीप कुजते, आणि माळ्यावर पातेली मांडायची वेळ येते.

भाजताना माती आकसते, त्यामुळे दोन कारखान्यांची कौलं तंतोतंत सारखी नसतात, हे जुन्या सुतारांना पक्कं ठाऊक असतं. ते दोन रिपा हलक्या खिळ्यांनी अडकवतात, त्यांवर कौल टाकतात, वर दुसरं बसवतात, हाताने खालीवर हलवून खाच नीट बसली का ते पाहतात आणि मग खिळा आत ठोकतात. वळचणीच्या पहिल्या रिपेला जरा जाडी देतात, कारण तिथल्या कौलाखाली दुसरं कौल नसतं. नाहीतर ती ओळ खाली झुकते. दोन रिपांमधल्या अंतराची एक काठी कापून घेतली की आढ्यापर्यंत तीच चालते.

म्हणून छपराच्या छेदात रिपांच्या मापाची रेषा मी वाशाला समांतर काढते, आणि आकडा मात्र गणिताने येतो तो. वळचण आडव्यात 600 बाहेर काढली तर उतारावर ती 671 होते. साध्या वाशाचे 5031 धरून एकूण 5702. त्याला 320 ने भागलं तर अठराला थोडं कमी पडतं, आणि आढ्याजवळ अर्धवट कौल कापायची वेळ येते. अठरा ओळी पक्क्या केल्या की अंतर 317 च्या जवळ बसतं आणि चढाव तीन मिलिमीटर वाढतो, तो पावसात चांगलाच. ड्रॉइंगवर मी 317 लिहिते आणि शेजारी सूचना देते, की हे माप उतारावरचं आहे. कौलं साइटवर आल्यावर पहिल्या दोन ओळी कोरड्या मांडून पाहाव्यात आणि मगच बाकीच्या रिपा ठोकाव्यात.