विमानातली पुढची खुर्ची आणि आपलं परिमाण



चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि आपल्या घरांतून परदेशी जायच्या बॅगा माळ्यावरून खाली येतात. कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची वास्तू. कर्वेनगरमध्ये आमच्या सोसायटीतूनच दरवर्षी दोन-तीन आज्या अमेरिकेला जातात. यंदा आमचा नंबर आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण मार्गशीर्षात, न्यू जर्सीला. मी जाणार हे ठरलेलंच होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "पणतवंड बघायचंय. मी पण येते." वय ७९, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली, आणि मुंबईहून न्यूअर्क म्हणजे थेट विमानातही पंधरा-सोळा तास.

मग घरात तो प्रश्न आला, जो आता आपल्यापैकी बऱ्याच घरांत येतो. तिकीट कोणत्या वर्गाचं काढायचं?

आम्हाला सांगितलेले जाऊन-येऊन आकडे असे होते. साधा वर्ग माणशी सव्वा लाख, प्रीमियम इकॉनॉमी दोन लाख दहा हजार, बिझनेस तीन लाख नव्वद हजार. यात करही आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वरच्या वर्गांवर १८ टक्के. आधी तो १२ होता. म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी घेतली तरी कर १८ टक्क्यांचाच.

ह्यांचं म्हणणं एकच, "आईला बिझनेसनं पाठवू. जन्मभर सांगली-पुणे एसटीनं फिरली. एकदा तरी तिनं आडवं पडून जावं." मुलाची माया आहे ती. तिच्यापुढे हिशेब मांडताना सुनेला दहा वेळा विचार करावा लागतो. आणि सासूबाईंचं म्हणणं, "मला काही नको, मी बसते कुठंही." पण सासूबाई स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, त्यामुळे त्यांच्या 'नको'वर सोडून देणंही बरोबर नव्हतं.

वाट दाखवली ती त्यांच्याच रोजच्या नेमानं. सासूबाई सकाळी दर्शन झालं की सतरा नियम घेतात. आज भोजन किती वेळा, रस कोणते, वस्त्रं किती. त्याच यादीत वाहन आहे, शयन आहे आणि आसनही आहे. श्वेतांबर मैत्रिणींच्या चौदा नियमांतही वाहन आणि शयन आहेतच. मी त्यांना बिझनेस क्लासच्या खुर्चीचा फोटो दाखवला. बटण दाबलं की पलंग होतो, हे सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "अगं, म्हणजे हे एकाच तिकिटात वाहन, आसन आणि शयन तिन्ही झालं. धरायचं कशात?"

गंमतीत बोलल्या, पण मी त्यावर दोन दिवस विचार करत होते. भोगोपभोग परिमाण व्रत आपल्याला आकडा देत नाही. अमुक रुपयांच्या वर जाऊ नकोस, असं ते सांगत नाही. मर्यादा आपणच आखायची, आणि ती वस्तू हातात येण्याआधी आखायची. रत्नकरंड श्रावकाचारात यम आणि नियम असा भेद केला आहे. जन्मभराचा तो यम, ठरावीक मुदतीचा तो नियम. म्हणून मी स्वतःला विचारलं: आपल्याला कशाची गरज आहे, कुणाला आहे, आणि किती काळ आहे?

गरज पाहायला गेलं तर बिझनेस क्लासमधलं आपल्या कामाचं फार थोडं निघतं. मद्य आपल्याला वर्ज्य. जेवणाचा थाट म्हणाल, तर रात्री दोनच्या सुमाराला निघणारं विमान हिवाळ्यात पश्चिमेकडे जातं तेव्हा जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या बाईला पुढे बसून काय आणि मागे बसून काय, ताट उघडायचंच नाही. उरतो तो पलंग.

आता पलंगाचं बघू. डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, निजण्यापेक्षा उठणं महत्त्वाचं. दर तासा-दीड तासानं दहा पावलं चालायचं, पायांचे पंजे हलवायचे, घट्ट मोजे घालायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं होतं की चार तासांहून जास्त एकाच जागी बसून प्रवास केला तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तो विमानालाच नाही, बस, रेल्वे, मोटार सगळ्यांनाच लागू आहे. धोका तसा कमी आहे, सहा हजारांत एक असा. पण तो हालचाल न करण्यातून येतो. खुर्ची महाग असली म्हणून तो टळत नाही.

आणि बिझनेसच्या खुर्च्यांना बहुतेक ठिकाणी आडोसे असतात. सासूबाई पुढे एकट्या, मी मागच्या भागात. रात्री उठायचं झालं तर हात कुणाचा धरणार? इंग्रजीत सांगणार कुणाला? चार लाखांच्या खुर्चीवर त्या अवघडून बसल्या असत्या आणि मागे मला झोप लागली नसती.

आणखी एक गोष्ट मनात होती. पुढच्या एका माणसाला जागा जास्त लागते, म्हणून त्याच्या वाट्याला इंधनही जास्त येतं. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासात बिझनेसचा प्रवासी साध्या वर्गाच्या साधारण तिप्पट कार्बनचा धनी ठरतो. अग्निकाय आणि वायुकाय जीवांचा विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा ऐकून सोडून देऊ नये. विमानात बसलो तेव्हाच आरंभ झाला, हे खरं. १८९३ च्या शिकागोच्या धर्मपरिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं, पण साधू वाहनात बसत नाहीत म्हणून त्यांनी श्रावक वीरचंद गांधींना पाठवलं. श्रावकाला सूट आहे ती गरजेपुरती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वृद्धाची सेवा म्हणजे वैयावृत्त्य, आणि ते अंतरंग तप आहे. पैसे वाचवायचे म्हणून ७९ वर्षांच्या बाईचा गुडघा सोळा तास दुमडून ठेवणं म्हणजे अपरिग्रह नव्हे, तो कंजूसपणा झाला. साध्या वर्गात दोन ओळींमधलं अंतर साधारण ३१ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास. सात इंच म्हणजे पाय सरळ होतो की नाही, एवढा फरक.

शेवटी वहीत मांडलं. सासूबाई एकट्या बिझनेसनं गेल्या तर जास्तीचे दोन लाख पासष्ट हजार. आम्ही दोघी प्रीमियम इकॉनॉमीनं शेजारी शेजारी गेलो तर जास्तीचे एक लाख सत्तर हजार. त्यांना कडेची खुर्ची, शेजारी मी, विमानतळावर व्हीलचेअर. हे थोडे हिरमुसले, पण त्यांच्या आईनंच समजूत काढली, "अरे, सून हाताशी असली की मला पलंग कशाला?" सासूबाईंनी पेन्शनमधून औषधदानासाठी बाजूला ठेवलेली रक्कम ह्या तिकिटांसाठी काढायची नाही, हेही त्याच दिवशी ठरलं.

आणि घरासाठी एक मर्यादा लिहून ठेवली. आठ तासांहून मोठा प्रवास, आणि वय सत्तरच्या वर किंवा शरीराची खरी अडचण, तरच वरचा वर्ग. सोबतीला एकच माणूस. बाकी सगळे साध्या वर्गानं. हे मार्चमध्ये येणार आहेत, ते साध्याच तिकिटानं. मर्यादा लिहायचं कारण असं की सुखाची सवय फार लवकर लागते. आज गरज म्हणून घेतलेली खुर्ची पुढच्या वेळी हक्क वाटते, त्याच्या पुढच्या वेळी तिचा फोटो स्टेटसवर जातो, आणि मग तो ऋद्धीचा मद.

ज्या निघणार आहात त्यांनी एवढं करा. जैन भोजन तिकिटाबरोबरच नोंदवा, निदान निघण्याच्या चोवीस तास आधी तरी. त्याचं नाव 'व्हीजेएमएल'. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर बटाटा-कांदा येतो. खाकरे आणि सुका मेवा जवळ असू द्या. आणि वर्ग कोणता घ्यायचा हे विचारायच्या आधी, कुणासाठी आणि कशासाठी हे घरात बसून बोला. तुमची मर्यादा आमच्याहून वेगळी निघेल, आणि तसंच असायला हवं.

जय जिनेंद्र.