मनगटावरची हिरवी खूण

प्लास्टिकच्या पट्ट्याखाली रक्ताचा एक थेंब दिसला आणि मी सिरिंज लावून तीन मिली हवा भरली. थेंब पसरल्यासारखा वाटला, म्हणून आणखी तीन. पट्टा टम्म फुगला, रक्त वाढेनासं झालं आणि मी निश्चिंत होऊन पुढच्या कॉटकडे गेले. कॅथलॅबच्या रिकव्हरीतला तो माझा दुसरा दिवस होता.

त्याआधीची चार वर्षं मी सर्जिकल वॉर्डात काढली होती. तिथे रक्ताचा हिशेब सरळ असतो. ड्रेसिंग भिजलं की गॉज ठेवायचा, दाबून धरायचं, घट्ट पट्टी मारायची आणि डॉक्टरांना कळवायचं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकलेलं तेच, जखमेवर थेट दाब. रक्त थांबलं की आपलं काम झालं. इथे बदली झाली तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, ‘हाताला बँड असतो, तेवढ्यावर लक्ष ठेव.’ मी लक्ष ठेवलं होतं.

ते आजोबा गडहिंग्लजकडचे. थोडा ऊस, दोन म्हशी. छातीत कळ आली म्हणून मुलाने आणलं, सकाळी उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली आणि लगेच त्याच वाटेने स्टेंटही बसला. बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या हाताला तो पारदर्शक पट्टा होता. त्याच्या आत हवेचा फुगा, फुग्याच्या मधोमध एक छोटी हिरवी खूण, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं, ‘हवा १२ मिली’. मी ती १८ वर नेली.

अर्ध्या-पाऊण तासाने इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही, आधी आजोबांचा पंजा पाहिला. बोटं निळसर पडली होती. मी मॉनिटरकडे हात केला, “सिस्टर, सॅच्युरेशन ९७ आहे.” त्यांनी बोटाचा प्रोब काढून अंगठ्याला लावला. मग करंगळीच्या बाजूने मनगट आपल्या दोन बोटांनी दाबलं. मॉनिटरवरची लाट लहान होत गेली आणि आडवी झाली, नुसती रेघ. त्यांनी बोटं उचलली, लाट परत आली.

“हा ९७ कुठून येतोय, कळलं का?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “अंगठ्याकडची नाडी तू पूर्ण बंद केलीस गं. करंगळीकडची एकटी अख्खा हात पोसतेय.”

मला खरंच काही कळलं नव्हतं. रक्त थांबवायला सांगितलं, मी थांबवलं. मग चुकलं काय?

त्यांनी एक एक मिली हवा काढायला सुरुवात केली. करंगळीची बाजू दाबलेलीच होती. सतरा, सोळा, पंधरा. रेघ आडवीच. तेराला रेघेवर एक बारीकसा उंचवटा आला. अकराला लाट उठली, बुटकी पण स्पष्ट. हिरव्या खुणेखाली नवा थेंब आला नाही. “इथे थांबायचं,” त्या म्हणाल्या. मी पाहिलेला थेंब पट्टा बांधतानाच कातडीवर राहिलेला, जुना होता. तो वाढतोय का, हे मी दोन मिनिटं बघायला हवं होतं. मी सिरिंज आधी उचलली.

त्या रात्री मी घरी स्वतःच्या मनगटाशी बसले. दोन्ही बाजूंच्या नाड्या दाबून मूठ आवळली, उघडली. तळहात पांढराफटक. करंगळीकडचं बोट उचललं, तर काही सेकंदांत पंजा पुन्हा गुलाबी. पुढच्या वेळी अंगठ्याकडचं उचललं, तरी गुलाबी. दोन्ही धमन्या तळहातात कमानीसारख्या एकमेकींना मिळालेल्या असतात, म्हणून एकीने दुसरीचं काम उचललेलं चालतं. हीच अ‍ॅलन टेस्ट मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. स्वतःच्या हातावर कधी करून पाहिली नव्हती.

मनगटाची वाट निवडण्याचं एक कारण ही सोयच आहे. दुसरं कारण म्हणजे ही धमनी उथळ असते आणि तिच्याखाली हाड असतं, त्यामुळे वरून दाबली की ती खरोखर दबते. मांडीतली धमनी मोठी आणि खोल. तिथून रक्त आत, पोटाच्या मागच्या बाजूला साचत गेलं तर बाहेरून थेंबही दिसत नाही. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिला फुगा फुगवला तो मांडीच्या वाटेने, आणि पुढे कितीतरी वर्षं तीच वाट राहिली. माझ्या मामांची अँजिओग्राफी तशीच झाली होती. मी तेव्हा शाळेत होते. जांघेवर वाळूची पिशवी, पाय हलवायचा नाही, रात्रभर उताणं. लघवीही पडल्या पडल्या. दुखण्यापेक्षा त्या लाजेनेच मामा खचले होते, हे मला आजही आठवतं. माँट्रियलच्या ल्युसियाँ कँपो यांनी मनगटातून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव १९८९ मध्ये छापला आणि १९९२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी मनगटातूनच अँजिओप्लास्टी केली. आज आमच्याकडचे बहुतेक रुग्ण त्या वाटेने येतात आणि तासाभरात उशीला टेकून चहा मागतात. मामांच्या नशिबी हे नव्हतं.

पण धमनी बंद झाली तरी हात चालतो, तर मग एवढी काळजी कशाला? दुसऱ्या दिवशी मी हे विचारलं. इन्चार्ज सिस्टर रागावल्या नाहीत. रुग्णाला काही जाणवत नाही, हीच यातली अडचण, असं त्या म्हणाल्या. दुखत नाही, हात थंड पडत नाही, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. मग पाच वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी लागते आणि ती वाट गेलेली असते. बायपास करायची झाली तर हीच धमनी काढून हृदयाला जोडता येते, तीही गेली. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागलं तर त्यासाठीचा धमनी-शिरेचा जोड, फिस्टुला, याच मनगटावर करतात, तीही सोय गेली. आपण अर्धा तास निष्काळजीपणे दाबतो आणि माणसाच्या पुढच्या आजारातला एक मार्ग कायमचा बुजवतो. २००८ मध्ये समीर पांचोली आणि सहकाऱ्यांनी ४३६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीसारखं दाबलं त्यांच्यात २४ तासांनी १२ टक्के जणांची धमनी बंद होती. प्रवाह चालू ठेवून दाबलं त्यांच्यात ५ टक्के. सामान तेच, दुखणं तेच, फरक फक्त दाबाचा. त्या बारा टक्क्यांत माझ्यासारख्या कितीजणींचे हात असतील, असा विचार मनात आला आणि मला फार वाईट वाटलं.

हेपॅरिनचं कोडं सुटायला मला आणखी आठवडा लागला. धमनीत नळी घातली की लगेच रक्त पातळ करणारं औषध देतात. स्टेंट बसला तर अ‍ॅस्पिरिन आणि सोबत आणखी एक गोळी. म्हणजे रक्त गोठू नये याची एवढी तजवीज केलेला माणूस आपल्यासमोर आणून ठेवायचा आणि म्हणायचं, याचं रक्त थांबव! पण ही धमनी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आणि नेहमीच्या सहा फ्रेंच मापाच्या नळीची, म्हणजे शीथची, बाहेरची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. नळीने धमनी जवळजवळ भरून जाते, आतून खरचटते, आणि वाहणं थांबलं की तिथे गुठळी धरते. हेपॅरिन त्यासाठी. आणि प्रवाह चालू ठेवायचा तोही त्यासाठीच. दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत हे कळलं तेव्हा डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

प्रवाह चालू ठेवून दाबायचं, एवढं मात्र आजोबांना मी त्या दिवशीच जमेल तसं सांगायचा प्रयत्न केला होता, कारण दर पंधरा मिनिटांनी मी येऊन हवा का काढते, हे ते विचारत होते. ते ऐकून घेऊन म्हणाले, “म्हंजे पाट फुटल्यागत झालं. फुटल्या जागी माती लावायची, सगळा पाट बुजवला तर म्होरल्या सऱ्या वाळत्यात.” मी नव्या मुलींना आता हेच सांगते, आजोबांच्याच शब्दांत.

हिरव्या खुणेचंही एक मर्म आहे. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक आणि धमनीवरचं भोक एकाखाली एक नसतात. धमनीवरचं किंचित वर, कोपराच्या दिशेला असतं. फुगा फक्त कातडीच्या भोकावर बसला तर वरून कोरडं दिसतं आणि आत पाझरत राहतं. म्हणून पट्टा सरकला की मी आता हात लावण्याआधी इन्चार्ज सिस्टरना हाक मारते. आणि त्या पट्ट्याची सिरिंज! साधी सिरिंज त्याच्या तोंडाला बसत नाही. चादरीबरोबर ती लाँड्रीत गेली आणि रात्री तीनला रक्त आलं तर हवा भरणार कशाने? रुग्ण आला की पहिल्यांदा मी ती सिरिंज फाइलला चिकटपट्टीने लावून टाकते.

तिसऱ्या आठवड्यात निपाणीकडच्या एक मावशी आल्या. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. उजव्या हातातल्या बांगड्या उतरवायला त्या तयारच होईनात. फुटली तर काय, हीच त्यांची भीती. शेवटी साबण लावून मी एक एक बांगडी सोडवली, एकही वाढली नाही, आणि सोबत आलेल्या काकांनी त्या रुमालात बांधून शर्टच्या खिशात ठेवल्या. मनगट अगदी बारीक. अँजिओग्राफी निर्वेध झाली. बाहेर आल्यावर पट्टा नीट, खूण जागेवर, खाली एक थेंब नाही, लाट चालू. मी समाधानाने कागदावर वेळ लिहिली.

मावशी म्हणाल्या, “हात भरून आल्यासारखा वाटतोय.” मी पट्टा पाहिला, कोरडा. “होतं तसं थोडं,” मी म्हटलं. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या, “मूठ वळंना झालीय.” तेव्हा कुठे मी गाउनची बाही वर केली. मनगट आणि कोपराच्या मधला भाग फुगला होता, कातडी ताणून चकाकत होती. मी नुसती त्या हिरव्या खुणेकडे बघत बसले होते आणि रक्त तिथून चार-पाच बोटं वर, आतल्या आत साचत होतं.

मी ओरडूनच हाक मारली. डॉक्टर आले. तार आत सरकताना एखाद्या बारीक फांदीला छेद गेला असणार, ते म्हणाले. रक्त कोपराकडून मनगटाकडे येतं, गळती वर आणि पट्टा खाली, मग पट्ट्यात कितीही हवा भरली तरी उपयोग शून्य. त्यांनी फुगलेल्या भागावर बीपीचा कफ गुंडाळला, मावशींच्या वरच्या बीपीपेक्षा थोडा कमी दाब ठेवला, बोटाला प्रोब, काही मिनिटांनी सैल करून पुन्हा. मला पेनाने सुजेची कड आखायला लावली. पुढचा तासभर मी त्या निळ्या रेघेपासून हलले नाही. सूज रेघेबाहेर गेली नाही. मग क्रेप बँडेज, हात उशीवर उंच. मी दर थोड्या वेळाने बोटं सरळ करून विचारत होते, “दुखतंय? मुंग्या येताहेत?” हाताच्या स्नायूंचे कप्पे पक्के बांधलेले असतात. आत रक्त भरत गेलं तर नसा आणि स्नायू चेंगरतात आणि हात वाचवायला कातडी उघडून दाब मोकळा करावा लागतो. तिथवर गेलं नाही. पण “होतं तसं थोडं” हे वाक्य मी त्या दिवसापासून कुठल्याच रुग्णाला म्हटलेलं नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी रुग्णाला विचारते, मग कोपरापर्यंत हात उघडा करून दोन्ही हात शेजारी ठेवून बघते, मग बोटं, मग लाट, आणि शेवटी पट्टा. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेनंतर दोन-तीन मिली हवा काढायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा काढायची. रक्त आलं तर काढलेली तेवढीच हवा परत, घाबरून जास्तीची नाही. त्या पंधरा मिनिटांतच रुग्ण कॉटवरून उठताना नेमका तोच हात टेकवतो, म्हणून मी नातेवाइकांना डाव्या बाजूला उभं करते. घरी जाताना सांगते, काही दिवस या हाताने बादली उचलायची नाही, मोटारसायकल चालवायची नाही. घरी रक्त आलंच तर जागेवर बसायचं, बोटाने दाबून धरायचं, आणि थांबलं नाही तर तसंच दाबून दवाखाना गाठायचा.

आजोबा महिन्याने ओपीडीत दाखवायला आले. मुलाने वर निरोप पाठवला, मी जेवणाच्या सुट्टीत प्रोब घेऊन खाली गेले. त्यांचा हात मांडीवर घेतला, अंगठ्याला प्रोब लावला आणि करंगळीकडची बाजू दाबली. डोळे मॉनिटरवर. एक सेकंद, दोन. लाट जराशी बसली आणि उठली. मी बोटं उचलली नाहीत. ती चालूच राहिली.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारलं.

“पाणी चाललंय, आजोबा.”

“मग सोड की हात. दुखाया लागलाय,” ते म्हणाले.