छपराखालचे मूल

मराठी शिकवता शिकवता माझी बावीस वर्षे सरली. ‘अक्षर’ म्हणजे जे झिजत नाही ते, असे मी दर वर्षी नव्या वर्गाला मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. तो तोरा एका परक्या कोशाने उतरवला. आमची लेक नोकरीसाठी ओसाकाला गेली आणि जाताना आपला जपानी चिन्हांचा कोश माझ्या टेबलावर ठेवून गेली.

या कोशात आपल्यासारखे अ, आ, इ नाही. चिन्हातली मूळखूण आधी ओळखायची, मग तिच्या पानांत ते शोधायचे. १७१६ साली चिनी सम्राट कांगशीच्या आज्ञेने झालेल्या कोशाने अशा २१४ खुणांची मांडणी रूढ केली. लेकीचा कोशही त्याच क्रमाने जातो.

माझा जीव जडला तो ४० व्या खुणेवर. ही छपराची खूण. वर एक टिंब, खाली दोन्ही टोकांना वळलेली आडवी रेघ. झाले घर शाकारून! या छपराखाली डुक्कर ठेवले की ‘घर’ होते. (आमच्या घरमालकांना मी हे अजून सांगितलेले नाही.) चटई आणि माणूस ठेवला की ‘मुक्काम’. स्त्री ठेवली की ‘शांती’. हे मोठ्याने वाचताच स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “कोणाला?”

‘थंडी’च्या चिन्हाच्या जुन्या रूपात छपराखाली गवतात दडलेला माणूस आहे आणि तळाशी बर्फ. त्या रात्री मी कोश मिटून ठेवला. जानेवारी होता, आणि आपली खोली फार गारठते असे लेकीने कळवले होते.

आणि छपराखाली मूल ठेवले की? अक्षर! चिनी ‘हान्‌त्सी’ आणि जपानी ‘कांजी’ या शब्दांच्या शेवटी हेच चिन्ह बसले आहे. मूळ अर्थ मूल जन्माला घालणे, त्याला वाढवणे.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. आणखी पाच वर्षे तिथेच राहायचे तिने ठरवले होते. काय बोलावे सुचेना. समोर कोश उघडा होता. मी म्हटले, “अगं, ते अक्षराचं चिन्ह छपराच्या पानांत मिळत नाही. दोनदा पाहिलं.”

“बाबा, ते तिथे नसतंच. अलीकडची खूण बघा, ३९ वी. मुलाची. ते छपरात धरत नाहीत, मुलात धरतात.”

मी पाने मागे उलटली.

“सापडलं?”

“सापडलं,” म्हणालो, आणि फोन हिच्या हाती दिला.