पाम ते पारनाका, व्हाया कासव

बोईसर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एमआयडीसीच्या चिमण्या, तारापूरची अणुभट्टी आणि विरारनंतर रिकामी होत जाणारी डहाणू लोकल. वीकेंडला तिथे कोण कशाला जाईल, असं वाटलं तर तुमचा दोष नाही. ‘समुद्र हवा’ म्हणणारी मंडळी अलिबागची बोट पकडतात, नाहीतर केळव्याला सुरूच्या सावलीत फोटो काढून संध्याकाळी परत. पण एकदा बोईसरला उतराच, आणि रिक्षावाल्याला ‘पाम’ सांगा.

पाम म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेचं, कारखान्यांच्या शेजारचं गाव. एका अंगाला केमिकल कंपन्यांचे बोर्ड, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि ताडाची झाडं. नाकाला कधी मातीचा वास येतो, कधी भलताच. किनाऱ्याकडे गेलात की नवापूर, नांदगाव, आलेवाडी. औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात ते याच नवापूरच्या समुद्रात. ‘प्रक्रिया करून’ हा शब्द इथले मच्छीमार जरा वेगळ्याच सुरात उच्चारतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. या शाळेत पहिलं येणं काही चांगलं नाही! अखिल भारतीय मांगेला समाज परिषद तर त्याआधीच, 2016मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती.

आता जरा वाळूकडे बघा. केळवे, चिंचणी, बोर्डी, सगळीकडे सुरू. दिसतो झकास, पण तो मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा पाहुणा. त्याच्या काड्यांचा गालिचा पडला की खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. इथली खरी घरची माणसं म्हणजे वाळूवर पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल, तिच्यामागे केवडा, मग उंडी, करंज, आणि खाडीत तिवर. वाळू धरून ठेवायचं काम मर्यादवेल फुकटात करते आणि आपल्या गाड्यांची चाकं नेमकी तिच्यावरूनच जातात. झाडं लावायची हौस असेल तर आधी हिला जगू द्या, असं माझं स्पष्ट मत.

बोईसरहून पुढे दुसरंच स्टेशन डहाणू रोड. तिथल्या पारनाक्यावर वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ या संस्थेचे स्वयंसेवक मिळून जखमी समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. दक्षिण कोकणात, वेळासला वगैरे, लोक कासवांची पिल्लं बघायला जातात. सह्याद्री निसर्ग मित्रने 2002मध्ये तिथे सुरू केलेल्या कामाचं ते फळ. पालघरच्या वाट्याला मात्र बहुतेक पेशंट येतात. पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे वाहतो, समुद्र खवळतो आणि दमलेली कासवं वाळूवर येऊन पडतात. बहुतेक ऑलिव्ह रिडले, काही हिरवी, कधीतरी चोचवाली हॉक्सबिल. कुणाच्या पायाला तुटक्या जाळ्याचा फास बसलेला, कुणाचा पायच गेलेला. कुणाला फुप्फुसाचा संसर्ग झालेला असतो. मग ते पाण्यावर नुसतं तरंगत राहतं, बुडी मारता येत नाही. कासवाला बुडी मारता न येणं म्हणजे जेवणच बंद.

फोन आला की हातातलं काम टाकून किनारा गाठायचा, तीस-चाळीस किलोचं धूड गाडीत घालायचं, टाकीतलं पाणी बदलायचं, मासे भरवायचे. ग्लॅमर शून्य. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांचं नाव या उपचारांशी वर्षानुवर्षं जोडलेलं आहे.

मच्छीमार यात व्हिलन नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं. कासव म्हणजे कूर्मावतार, म्हणून जाळ्यात आलं तर सोडणारे पुष्कळ. पण सोडायचं तर महागडं जाळं कापावं लागतं. डिसेंबर 2018पासून राज्य सरकार त्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. माझ्या मते किनाऱ्यावरच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा हे जास्त उपयोगाचं.

आणि आता वाढवण. 1991मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेल्या याच डहाणू तालुक्यात 76 हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. नोकऱ्या येतील म्हणणारे आहेत, मासेमारी संपेल म्हणणारेही आहेत. स्वयंसेवकाच्या टाकीत मावेल एवढा हा प्रश्न लहान नाही.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. केंद्र म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे, आधी वनविभागाला विचारा. किनाऱ्यावर कासव पडलेलं दिसलं तर फिल्मी उत्साहात पाण्यात ढकलू नका. आजारी कासव पुन्हा वाहून येतं, नाहीतर बुडून मरतं. सावली करा, ओलं फडकं टाका (नाकपुड्या मोकळ्या ठेवून), गर्दी आणि कुत्री लांब ठेवा, 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. सेल्फी नंतर. जमलं तर थंडीत जा, उकडहंडी मिळते.

बरं झालेलं कासव टाकीत तळाशी जाऊन बसायला लागलं, स्वतःहून खायला लागलं की त्याला सोडायचा दिवस ठरतो. पाण्यापासून थोडं अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवायचं. पुढचं अंतर ते स्वतःच कापतं.