उद्यांचे पैसे, आजचें मोल

वाड्यांतील हिश्श्याबद्दल आमच्या आत्याबाईंना त्यांच्या भावांनीं दोन पर्याय दिले: आज पांच लाख, किंवा दहा वर्षांनीं दहा लाख. दुपटीच्या मोहानें सारें घर हरखलें. आम्हांस मात्र ११५० सालची लीलावती आठवली. दरमहा शेंकडा पांच दरानें वर्षाअखेर मुद्दल व व्याज मिळून हजार होत असल्यास मुद्दल किती, असें भास्कराचार्य विचारतात, उत्तर ६२५. उद्यांच्या रकमेचें आजचें मोल काढणें तें हेंच. चक्रवाढीनें वार्षिक शेंकडा आठ धरल्यास आत्याबाईंचे दहा लाख आज ४ लक्ष ६३ हजारांचे ठरतात. सहा धरल्यास ५ लक्ष ५८ हजारांचे. म्हणजे सारा वाद दराचा! बँकेचा दर धरावा, तर हे भाऊ म्हणजे बँक नव्हेत. कच्च्या वचनाला दर चढाच लावावा, असें आमचें मत. आत्याबाईंनीं विचारलें, "अरे, माझें वय कोणत्या ओळींत मांडलेंस?" आम्हीं पांच लाखांची पावती लिहावयास घेतली.