केरसुणीची कुळकथा

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण आमच्या कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. लग्न ठरले होते आणि त्यासाठी स्नानसंस्काराचा दाखला हवा होता. मूळचा नाचणगावचा, आता नोकरीनिमित्त बाहेर. आम्ही कपाटातून जुनी नोंदवही काढली. २७ वर्षांपूर्वीची नोंद, अक्षर आमचेच. त्या काळी आम्ही नवदीक्षित होतो. पुलगाव स्टेशनावर उतरून शेजारच्या नाचणगावात चारदोन कुटुंबांना भेटण्यास जात असू. जुने अक्षर पाहून आम्हांस थोडे कौतुकच वाटले आणि त्या कौतुकाच्या भरात नोंदवही त्याच्यापुढे फिरवून आम्ही म्हटले, "हे पाहा, तुझे नाव."

त्याने नाव पाहिले. मग त्याचे बोट पुढच्या रकान्यावर जाऊन थांबले. 'पित्याचा व्यवसाय : झाडूवाला.'

"फादर, बाबांनी कधी रस्ता झाडला नाही. ते फडे बांधत."

दोन्ही एकच, असे आमच्या ओठांवर आले होते. ते आले होते हे येथे लिहून ठेवणे भाग आहे. तो तरुण आवाज न चढवता पुढे म्हणाला, "मुलीकडचे वाचतील म्हणून सांगत नाही. खरे नाही म्हणून सांगतो."

धर्मग्रामाच्या नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर योग्य परवानगीने समासात टीप लिहावी लागते. ती लिहू, असे आम्ही त्याला सांगितले. परंतु टिपेत शब्द कोणता घालावा? दाखल्याला अद्याप अवधी होता. तो गेल्यावर आम्ही कोश काढून बसलो. धर्मगुरूंची ही एक खोड आहे. माणसापाशी जाण्याआधी आम्ही पुस्तकापाशी जातो.

इंग्रजांचा 'ब्रूम' मुळात एक झुडूप आहे. पिवळ्या फुलांचे, लवचीक काटक्यांचे. त्याच्या फांद्या बांधून अंगण झाडू लागले आणि झुडपाचे नाव साधनाला चिकटले. त्याआधी त्या साधनाला 'बीझम' असा निराळा, जुना शब्द होता. तो मागे पडला. राजांच्या पहिल्या ग्रंथात एलिया मरण मागत ज्या झुडपाखाली आडवा झाला, त्याचे हिब्रू नाव 'रोतेम'. तेही याच कुळातले, आणि अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांत ते 'ब्रूम' म्हणूनच येते. लॅटिन 'स्कोपा' या शब्दाचाही अर्थ आधी बारीक काटकी, मग काटक्यांची जुडी. त्यावरून स्पॅनिश 'एस्कोबा' झाला. पेरूमधील लिमा नगरीत १५७९ साली जन्मलेले संत मार्टिन दे पोरेस मठातील केर काढीत, म्हणून लोक त्यांना 'फ्राय एस्कोबा', म्हणजे केरसुणीवाले ब्रदर, म्हणून ओळखतात. १९६२ साली त्यांना संतपद मिळाले. एका मुक्त केलेल्या काळ्या स्त्रीचा तो मुलगा. केरसुणी त्यांच्या हाती कोणी दिली आणि त्यांनी कोणत्या मनाने घेतली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांच्या चित्रापुढे मेणबत्ती लावताना आम्ही पहिला प्रश्न सहसा विचारीत नाही.

आपल्याकडे साधनाला नाव मिळाले ते बहुधा कामावरून. 'झाडणे'पासून 'झाडू', आणि त्याच घरातली झडती, झाडाझडती, झाडलोट. 'झाडून सारे आले' असे आपण म्हणतो तेव्हा एकही मागे राहिला नाही, असा अर्थ असतो. केरसुणीत केर उघडच आहे. उरलेल्या 'सुणी'त आम्हांला संस्कृत 'शोधनी' ऐकू येते. अमरकोशात केरसुणीला सम्मार्जनी आणि शोधनी अशी दोन नावे आहेत. शोधनी, म्हणजे शुद्ध करणारी. पण 'शोधणे' या क्रियेचा आपल्या मराठीतला अर्थ मनात आला आणि लूकच्या पंधराव्या अध्यायातील ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली. दहांतले एक नाणे हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी. तिच्या हातातील केरसुणी झाडते आणि शोधतेही.

या बाईची एक गंमत सेमिनरीत असताना आम्हांस एका वृद्ध प्राध्यापकांनी सांगितली होती. लॅटिन बायबलात ती घर झाडते, त्याला शब्द आहे 'एव्हेर्रित'. नकलकारांच्या हातून एक अक्षर बदलले आणि कित्येक हस्तलिखितांत ते 'एव्हेर्तित' झाले, म्हणजे 'उलथून टाकते'. थोर पोप संत ग्रेगरी यांच्यापुढेही हाच पाठ होता आणि त्यांनी त्यावरच प्रवचन केले. विक्लिफच्या इंग्रजी बायबलातही ती बिचारी घर उलथेपालथेच करीत राहिली. वर्गात आम्ही सारे पोट धरून हसलो होतो. नोंदवही समोर उघडी असताना मात्र हसू आले नाही.

हेमचंद्राने बाराव्या शतकातील आपल्या कोशात आणखी नावे दिली आहेत : बहुकरी, वर्धनी, समूहनी. बहुकरीची हिंदीत बुहारी झाली, छत्तीसगडकडे बहारी. वर्धनीची मराठीत वाढवण झाली. कोकणातील जुन्या बायकांच्या तोंडी हा शब्द असे. वर्धा जिल्ह्यात बसून वर्धनी हा शब्द वाचला की मन नको तेथे धाव घेते. पण तो मोह आवरला पाहिजे, कारण नदीचे जुने नाव वरदा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त ती त्याच नावाने येते. कुंचा हा संस्कृत 'कूर्च'चा वंशज आणि कूर्च म्हणजे गवताची जुडी, तशीच दाढीही. नारळाच्या पात्यांच्या हिरांचा खराटा कोकणात. वऱ्हाडात नारळ नाहीत, तेव्हा येथला खराटा तुरीच्या काड्यांचा. तो अंगणासाठी आणि खळ्यासाठी. घरात चालतो तो फडा, शिंदीच्या पानांचा. नागाने फणा पसरला की त्यालाही फडा म्हणतात आणि फड्या निवडुंगही आपल्या ओळखीचा आहे. जे पसरते, रुंद होते, ते फडा. नाव ठेवणाऱ्याने केर पाहिला नाही, झाडण्याची क्रियाही पाहिली नाही. त्याने शिंदीचे पान पाहिले. म्हणजे हे नाव बांधणाऱ्याच्या डोळ्यांनी ठेवलेले आहे आणि 'झाडू' हे वापरणाऱ्याच्या. कोश मिटताना एवढे आमच्या ध्यानात आले.

केरसुणी, दोर आणि टोपल्या करणे हा मातंग समाजातील अनेक घरांचा वाडवडिलांपासूनचा धंदा. हे कुटुंब त्यांतलेच. आश्विनी अमावास्येला नवी केरसुणी आणून, तिला हळदकुंकू वाहून लक्ष्मी म्हणून पूजणारी घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत. तिला पाय लागू देत नाहीत, लागला तर नमस्कार करतात, दिवेलागणीला झाडीत नाहीत. आणि ती लक्ष्मी जिने बांधली तिला पाणी मात्र वरून ओतले जाई. हे लिहिताना आमचे बोट दुसऱ्याकडेच वळते. आमच्या लहानपणी आमच्या स्वतःच्या ख्रिस्ती घरी केर नेणाऱ्या बाईचा कप परसातल्या वळचणीला पालथा घातलेला असे. त्या कपाचे घरात कोणाला काही वाटत नसे, आम्हांलाही नाही.

वर्धा जिल्ह्यात राहून केरसुणीविषयी लिहायचे आणि सेवाग्रामचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १९३६ साली गांधीजी शेगावला राहावयास आले. पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. आश्रमात झाडलोट आणि मैलासफाई प्रत्येकाच्या वाट्याला होती. विनोबा १९४६च्या सुमारास खांद्यावर फावडे टाकून पवनारहून सुरगावला सफाईसाठी जात राहिले. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेणगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा तर गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन नंतर. ही सारी माणसे मोठी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण त्याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांचे 'जातिभेदाचे निर्मूलन' हे न झालेले भाषण छापून निघाले. त्यात पेशव्यांच्या पुण्याचा उल्लेख आहे : अस्पृश्याने कमरेला केरसुणी बांधून चालायचे, म्हणजे त्याची पावले उमटलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल. एकाच वर्षी एका गावी केरसुणी स्वेच्छेने हाती घेतली जात होती, आणि एका पुस्तकात ती कमरेला बांधलेली होती. १९४५ च्या पुस्तकात डॉ. आंबेडकरांनी सफाईकामाचे गोडवे गाण्यावर सरळ टीका केली, कारण ज्याला ते काम टाळण्याची मुभाच नाही त्याला त्याचे मोठेपण सांगून काय मिळणार? तरुणपणी आम्ही या वादात गांधीजींच्या बाजूने हिरिरीने बोलत असू. सेमिनरीत श्रमाच्या तासाला आम्हीही झाडत होतो आणि आपण नम्र झालो असे समजत होतो. तास संपला की हात धुऊन आम्ही ग्रंथालयात जात असू. त्या तरुणाच्या वडिलांच्या नावापुढे 'झाडूवाला' लिहिणारा हात तोच.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही नाचणगावला गेलो. वडील हयात नाहीत. आई आहे, आणि अजून थोडेफार बांधते. पूर्वी नाल्याकाठी शिंदी मुबलक होती, आता लांब जावे लागते. शिवाय बाजारात ईशान्येकडच्या गवताचे मऊ झाडू आले, प्लॅस्टिकचे आले. फडा मागतात ते जुने लोक आणि दिवाळीपुरते बाकीचे. ओसरीवर वाळलेल्या पानांचा ढीग होता. तिने एक मूठ उचलली, पायाच्या अंगठ्यात दोरी ताणली, मूठ फिरवीत फिरवीत आवळली. फडा सैल बांधला तर महिन्याभरात पाने गळतात, असे ती म्हणाली. तिच्या नवऱ्याच्या हातचा फडा वर्ष निघे. पुलगावच्या बाजारात गिऱ्हाइके त्याची गाठ ओळखून फडा उचलत.

आम्ही मुद्द्यावर आलो. नोंदवहीत आमच्या हातून चूक झाली आहे, असे सांगितले आणि क्षमा मागितली. तिला ते फारसे महत्त्वाचे वाटले असे दिसले नाही; ती बांधीतच राहिली. मग समासात काय लिहावे, हे विचारले. आम्ही मनाशी दोनतीन शब्द नेले होते. कारागीर. हस्तव्यवसाय. एक तर चक्क 'सम्मार्जनीकार' होता, वाचकांनी हसावे. ते शब्द आम्ही एकेक करून तिच्यापुढे ठेवले, शेवटचा सोडून.

"कारागीर तं सुताराले बी म्हणते, लोहाराले बी म्हणते," ती म्हणाली. "मंग याईनं काय केलं ते कसं समजन? फडे बांधत होते, असंच लिवा ना जी."

परवानगी मिळाल्यावर आम्ही तसेच लिहिले. रकान्यांच्या त्या नोंदवहीत क्रियापदासकट लिहिलेली ती एकच जागा आहे. दाखल्याची प्रत न्यायला तरुण आला तेव्हा आईने त्याच्यासोबत एक फडा पाठवला होता. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. आम्हीही फार आग्रह केला नाही. पुढे कधीतरी नाचणगावला गेलो असता त्याच्या आईने ते मागितले. आम्ही दिले.