माळावर वस्ती

धसईत ऊन उशिरा येतं. पूर्वेला सह्याद्रीची सलग भिंत उभी आहे. जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आणि दक्षिणेच्या अंगाला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. उजाडतं वेळेवरच. धारा काढून होतात, गुरं सुटतात, मुरबाडकडे जाणारी सकाळची एसटी निघून जाते, तरी अंगणात ऊन नसतं. हिवाळ्यात ते आधी पश्चिमेकडच्या टेकाडांच्या डोक्यावर पडतं आणि तिथून उतरत, शेतं ओलांडत, सावकाश आमच्या माळापर्यंत येतं.

घरात ही वेळ सगळ्यांत आधी ओळखली ती सासूबाईंनी. त्या माणदेशातल्या, म्हसवडकडच्या उघड्या माळावर वाढलेल्या. तिथे सूर्याच्या आड काही येत नाही. इथे आल्यावर पहिले काही दिवस त्या पायरीवर बसून कड्याकडे बघत राहायच्या. मग एका सकाळी त्यांनी वाळवणाची बाज उचलायला लावली, कोंबड्यांचं खुराडं फिरवलं आणि तुळशीची कुंडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. पुढच्या थंडीत कळलं, ऊन पहिल्यांदा येतं ते नेमकं तिथेच.

जमीन घेण्याची हकिकत थोडक्यात सांगते, कारण ती कागदांचीच आहे. १९४८ च्या कूळ कायद्यामुळे आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नवऱ्याचं नाव माणातल्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर होतं, त्याच्या जोरावर दाखला मिळाला. घेतो ती जमीन आदिवासीची नाही ना, हे जुने फेरफार काढून तपासलं. महसूल संहितेच्या ३६ अ कलमाप्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि होऊही नये. मग खरेदीखत झालं, फेरफार झाला, आणि वर वरकस माळ, खाली भाताची तीन खाचरं असा तुकडा आमच्या नावावर लागला. डोंबिवलीचं घर आवरून आम्ही इथे आलो.

नावावर लागणं वेगळं आणि वस्ती होणं वेगळं. ते आम्हाला राबाने शिकवलं.

राब म्हणजे भाताचं रोप जिथे पेरायचं तो तुकडा भाजून काढणं. थंडी सरली की लोक ऐनाच्या फांद्या छाटून त्यांची कवळं बांधतात. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर कवळं, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर भुसभुशीत माती पसरतात. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते. वाऱ्याचा रोख पाहून संध्याकाळी पेटवायचं, पलीकडून. त्या दिवसांत धसईच्या आसपास अंधार पडताना जिकडेतिकडे धुराच्या पट्ट्या दिसतात आणि घरात, कपड्यांना, केसांना जळक्या शेणाचा वास बसतो. मला तो आवडतो. आमच्या शेजारच्या काकींना मी विचारलं होतं, हे सगळं कशासाठी? त्या राबावर माती सारखी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “राब भाजला नाय तं रोप उपटंल कसं, वैनी? हातात नुसती पातच येल.” भाजल्याने तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि माती इतकी मोकळी होते की रोप मुळासकट अलगद सुटतं.

पण ऐनाची झाडं बघवत नाहीत. वर्षानुवर्षं छाटून छाटून त्यांचे नुसते खांब उरलेत, टोकाला हिरवा झुबका. आमच्या नवऱ्याचा जीव त्या झाडांसाठी तुटतो. तो कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जाऊन गादीवाफ्याची माहिती घेऊन आला. नेरळला जाऊन सगुणा बागही पाहून आला. अमेरिकेत शिकून परत आलेल्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी तिथे भाताची अशी पद्धत बसवली आहे की नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. हे ऐकून काकी म्हणाल्या, “एका खाचरात करून बघा. दोन आपल्या रीतीनं करू.” त्या ‘आपल्या’ शब्दाने मला फार बरं वाटलं. आता एक खाचर टोकणीचं आहे, दोन लावणीची. दोन्हीकडचं भात बरं आहे. ऐनाचा प्रश्न मात्र गावात अजून बोलायचा आहे, आणि तो आम्ही नव्यांनी पुढे होऊन बोलायचा नाही, एवढं आम्हाला कळतं. ज्यांचं पोट त्या रोपावर आहे त्यांनी विषय काढला की आम्ही सोबत असू.

लावणी आली की धसईत कोणी एकट्याचं राहत नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. मजुरी द्यायला माणसं मिळतात, पण ज्याच्याकडे तुम्ही वाकला नाहीत, तो तुमच्या बांधावर का येईल? काकींनी मला रोप उपटायला बसवलं. मुठीत मावेल एवढंच धरायचं, बुडाशी, आणि आपल्याकडे ओढायचं. वर ओढलं तर तुटतं. मग ती जुडी पाण्यात खळबळून, पायाच्या घोट्यावर आपटून मुळांची माती झाडायची आणि दोन-चार काड्यांनीच तिला गाठ मारायची. तयार मुठी पुरुषमाणसं चिखलात फेकत जातात आणि त्या नेमक्या हाताशी पडतात. लावताना मागे मागे सरकायचं, तीन-चार काड्या धरून अंगठ्याने चिखलात खोचायच्या. खोल गेली तर फुटवा धरत नाही, वर राहिली तर पाण्यावर तरंगते. पाऊस पाठीवर कोसळत असतो. पूर्वी इरली असायची, आता प्लॅस्टिकचे कागद डोक्यावरून घेतात. बायका गाणी म्हणतात, मधेच थांबून कोणाच्या तरी सासरची चौकशी करतात, परत गाणं धरतात. संध्याकाळी माझी कंबर धरली होती. काकींनी ओसरीवर चहा दिला आणि त्यांच्या सुनेला सांगितलं, “उद्या वैनींकडं जायाचं हाय.” आमच्या खाचरात दुसऱ्या दिवशी सगळा पाडा उतरला.

धसई तशी बाजाराची. भोवतालच्या गावांना आणि पाड्यांना मीठमिरचीपासून पत्र्यापर्यंत सगळं इथेच मिळतं. १ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतर, राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून धसई गाजली. सावरकर प्रतिष्ठान आणि बँक ऑफ बडोदा यांनी पुढाकार घेऊन दुकानदारांना कार्डाची यंत्रं दिली, मंत्री आले, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. आम्ही तेव्हा डोंबिवलीत होतो आणि ते टीव्हीवर पाहिलं होतं. इथे राहायला आल्यावर मला जास्त मोलाची वाटली ती दुकानातली वही. भात झोडून झालं की फेडायची अशी उधारी त्या वहीत लिहितात. लावणीच्या तोंडाशी घरात पैसा नसतो, खत घ्यायचं असतं, मुलांची दप्तरं घ्यायची असतात. त्या वहीवर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो.

पावसाच्या पहिल्या सरीनंतर माळाचा आणि रानाचा रंग पालटतो तसं स्वयंपाकघरही पालटतं. ठाकरवाडीतल्या बाया शेवळं घेऊन येतात, सोबत काकडं द्यायला विसरत नाहीत, कारण काकडांच्या आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे कंटोली. सासूबाईंना माणातली तांदूळशा-पाथरीची ओळख. इथल्या एकेका पाल्याला त्या हुंगून, चुरडून, दोनदा विचारून मगच सुरीखाली घेतात. आता त्याच मला सांगतात, भारंगी कडू असते, उकडून पाणी टाकून दे.

आणि तरीही ज्या गोष्टीने त्या हबकल्या ती पाण्याची. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माणात त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. “एवढं पाणी बघितल्यावर उन्हाळ्याची कसली काळजी?” असं त्यांनी पहिल्या आषाढात म्हटलं होतं. एप्रिलमध्ये वरच्या पाड्यावरच्या बाया ओढ्यात डवरा खणून वाटीवाटीने पाणी भरताना दिसल्या, तेव्हा त्या गप्प झाल्या. इथला काळा कातळ पाणी धरत नाही, आणि उतार एवढा की पडलेलं सगळं नदीला आणि खाडीला. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा भरलेली असतात, मुंबईला पाणी जातं, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर येतो. सासूबाईंनी मग घराचा ताबाच घेतला. भाजी धुतलेलं पाणी केळीला, भांड्यांचं पहिलं पाणी गुरांना, अंघोळीचं आळूला. माळाच्या उतारावर त्यांनी लेकाकडून आडवे चर खणून घेतले, माणात त्यांच्या वडिलांनी खणले होते तसे. काकी बघायला आल्या, चरात उतरून मातीचा गोळा हातात घेतला, म्हणाल्या, “म्हातारीला ठावं हाय.” तेव्हापासून दोघींची जोडी जमली. पौषात म्हसाच्या यात्रेलाही त्या बरोबरच गेल्या. तिथे बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांची दुकानं लागतात. सासूबाईंनी घोंगडी चाचपली, “ही आमच्याकडची लोकर,” म्हणाल्या, आणि भाव पाडून काकींना एक घेऊन दिली.

मुलीने एका पावसाळ्यात ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ वाचलं. लॉरा इंगल्स वाइल्डरचं १९३५ चं पुस्तक. माळावर ओंडक्यांचं घर बांधणारं कुटुंब, विहीर खणणारा बाप, रात्री लांडगे. तिला ते आमचंच वाटलं. मी तिला सांगितलं की अमेरिकेत १८६२ चा एक कायदा होता, पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन नावावर होत असे. पण लॉराचं कुटुंब १८६९ च्या सुमाराला कॅन्सासमध्ये जिथे राहिलं, ती जमीन ओसेज लोकांची राखीव होती, आणि पुढे त्यांना तिथून उठावं लागलं. मुलीने लगेच विचारलं, “मग आपल्या माळावर आधी कोण होतं?”

ह्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायचं मी ठरवलं. कागदावरचा मालक तिला माहीत होता. पण आमच्या माळावरून कातकऱ्यांची पायवाट जाते. ती फेरफारात कुठेही नाही, आणि आमच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. कुंपण घालताना तिथे आम्ही मोकळी जागा सोडली. डोंबिवलीत आमच्या नळाला बारवी धरणाचं पाणी यायचं. ते धरण ह्याच मुरबाड तालुक्यातलं. १९७२ मध्ये झालं, पुढे त्याची उंची वाढवली, आणि त्यासाठी इथली गावं-पाडे उठले. आम्ही खुशीने घर हलवलं. त्यांना उठवलं गेलं, आमच्या नळासाठी. आणि कातकरी तर दरवर्षीच उठतात. दिवाळी झाली की भट्टीवाल्याची उचल घेऊन भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं टेम्पोत घालून वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. वाडीतली झोपडी सहा-सात महिने बंद. मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण अशीच जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क आदिवासींना मिळू शकतो. ज्यांना पट्टा मिळाला ती घरं नाचणी-वरई लावून थोडी तरी स्थिरावतात. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना ह्या मातीत जन्मूनही वस्ती नाही. मला ह्याचा राग येतो. तो ओसरू नये असं वाटतं.

मुलगी आता मैत्रिणीची पुस्तकं सांभाळते. दिवाळीनंतर शाळेत झालेलं सगळं एका वहीत उतरवून ठेवते आणि बापाच्या मागे लागून ती वही भट्टीवर पोचवते. आम्ही दोन-तीन घरांनी मिळून मुलांना वाडीतच ठेवून घेण्याबद्दल त्यांच्या आजी-आजोबांशी बोलणं काढलं आहे. दुपारच्या जेवणाची सोय शाळेत होते, रात्रीची आम्ही बघू. त्यांचे आईबाप विचार करताहेत. पोर डोळ्यांआड ठेवणं सोपं नसतं, आणि भट्टीवर धाकट्याला सांभाळायलाही कोणीतरी लागतं.

ह्या वर्षी भात झोडून झालं तेव्हा खाचरात ओल चांगली होती. काकी म्हणाल्या, रिकामं का ठेवता, वाल टाका, दवावर येतात. बी आमच्याकडे नव्हतं. त्यांनी कणगीच्या मागून मडकं काढलं, राखेत घोळलेलं बी सुपात घेऊन पाखडलं, किडका दाणा वेगळा केला आणि मापाने मोजून माझ्या पदरात घातलं. मी पैसे विचारले तर त्यांनी हातानेच थांबवलं. “वाल झाल्यावर बी परत द्यायाचं. आन् एक माप वरचं, वाडीवरल्या बायला. तिला मी कबूल केलंय तुमच्या नावानं.”